बारसं राहिलेली विहीर

सदानंद हुपरीकरांची गोष्ट मी सांगायला घेतली की आमचे हे, म्हणजे श्रीनाथ, पेपर उघडून त्यात तोंड खुपसतात. पेपरमागून आवाज येतो, "झालं, आता ही चिडणार." चिडणारच. ज्यांनी चिडायला हवं होतं ते चिडले नाहीत, म्हणून कुणीतरी चिडायला नको का?

दुबईतल्या ऊद मेथा भागात आम्ही एकाच मजल्यावर राहायचो. मी जवळच्या शाळेत शिकवायचे, हे एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत इंजिनीअर होते आणि सदाभाऊ त्याच कंपनीत ड्राफ्ट्समन. कोल्हापूरजवळच्या हुपरीचा माणूस, उंच, हडकुळा, बोलायला अगदी कमी. एअरकंडिशनिंगचे डक्ट कुठून कसे न्यायचे याची ड्रॉइंग्ज ते काढायचे. दुबईतली मोठमोठी हॉटेलं आणि हॉस्पिटलं सदाभाऊंनी काढलेल्या रेषांवर गार झाली. पण डक्ट म्हणजे फॉल्स सीलिंगच्या वरची वस्तू. ते आहेत हे लोकांना बंद पडल्यावरच कळतं. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात कन्सल्टंटचं नाव हे एवढं ठसठशीत, आणि खालच्या चिमुकल्या चौकोनात 'ड्रॉन बाय : एस. एच.' इतकाच काय तो सदाभाऊंचा वाटा.

आणि आखातात तुमच्या-आमच्या नावावर असतं तरी काय म्हणा! घर भाड्याचं. धंदा केलात तर लायसन्स अरबाच्या नावावर. व्हिसा कंपनीचा, कंपनीनं हात काढला की सामान बांधायचं. वीस वर्षं राहा नाहीतर तीस, तुम्ही गेल्यावर तुमच्या खोलीत दुसरं कुटुंब येतं आणि भिंतीला नवा रंग देऊन घेतं. आम्ही सगळे हे गिळून मजेत राहायचो. सदाभाऊंच्या मात्र ते घशात अडकलेलं होतं. एकदाच बोलून दाखवलं होतं त्यांनी, "वहिनी, इथे एक खिळासुद्धा माझ्या नावाचा नाही."

त्र्याण्णव साली कंपनीची पिकनिक पूर्वेच्या किनाऱ्यावर गेली, खोरफक्कानच्या पुढे, दिब्ब्याच्या वाटेवर. डोंगर थेट समुद्रात उतरतात असा तो किनारा. तिथल्या एका लहान हॉटेलमागे डायव्हिंगचा क्लब होता. बाकीचे चिकन भाजत बसले आणि सदाभाऊ पाठीला हवेचं नळकांडं बांधून पाण्याखाली गेले. वर आले ते निराळेच होऊन. त्या संध्याकाळी आम्ही पहिल्यांदा त्यांची बडबड ऐकली. लहानपणी हुपरीच्या विहिरीत कुणाची कळशी पडली की याच पोराला हाक यायची म्हणे. दम धरून तळाशी जायचं, चाचपडायचं, कळशी घेऊन वर यायचं. "तळाशी गेलं की वरचे आवाज बंद," ते म्हणाले. "तेच परत मिळालं."

मग कोर्स केला. अनुपमानं, त्यांच्या बायकोनं, फी ऐकून कपाळाला हात लावला. "एक हजार दिरहम! म्हणजे जवळजवळ साडेआठ हजार रुपये, पाण्यात बुडायला!" पण अडवलं नाही. त्या माणसाला दुसरा शौक नव्हता. ना पत्ते, ना पिणं, ना सोनं. दर शुक्रवारी पहाटे गाडी काढायची, वाटेत मसाफीच्या बाजाराजवळ चहा प्यायचा आणि दुपारपर्यंत पाण्यात. कधीकधी आम्हीही जायचो. मी वाळूवर छत्रीखाली पेपर तपासत बसायचे आणि हे घोरायचे.

तिथे त्यांना ओकुमुरा भेटले. अबू धाबीजवळ मुसफ्फाच्या कुठल्याशा प्लँटवर आलेले जपानी इंजिनीअर, गोल चेहऱ्याचे, सारखे वाकून नमस्कार करणारे. दोघांचंही इंग्रजी तोडकंमोडकं, त्यामुळे छान जमलं. पाण्याखाली एकट्यानं जायचं नसतं, जोडीनंच जायचं असतं. ही जोडी पक्की झाली. 'सादा-सान' आणि 'ओकुमुरा-सान'.

ओकुमुरांना त्यांच्या जपानातल्या इझूच्या किनाऱ्याचं वेड. जेवायला बोलावलं तरी तेच. तिथे पाणी कसं थंड, अंगावर जाडजूड रबरी सूट कसा चढवावा लागतो, उन्हाळ्यात पाणी हिरव्या चहासारखं गढूळ होतं आणि ऐन थंडीत कसं काचेसारखं निवळतं. दुरून येणाऱ्या उबदार प्रवाहामुळे थंड पाण्यातही रंगीत पोवळी कशी दिसतात. वर येऊन मास्क काढला की समोर फुजीचा डोंगर, आणि काठावर गरम पाण्याचं कुंड. तिथे म्हणे प्रत्येक डायव्हिंगच्या जागेला नाव असतं आणि किनाऱ्यावर त्या नावाची पाटी असते. कोळ्यांची सोसायटी ती पाटी रंगवते. कुठे उतरायचं, कुठे प्रवाह आहे, सगळं लिहिलेलं. "नेम व्हेरी इम्पॉर्टंट," ते म्हणायचे. "नो नेम, नोबडी रिमेंबर."

सदाभाऊ हे ऐकताना जेवायचे थांबायचे.

सत्त्याण्णवच्या वसंतात ती जागा सापडली. क्लबची बोट याकूब चालवायचा. तो ओमानकडचा बलुची, हिंदी फर्मास बोलायचा. परतताना त्याचा नांगर कशात तरी अडकला. ओकुमुरांना सर्दी होती, कान दुखत होता, ते वरच थांबले. सदाभाऊ दोरीला धरून नांगर सोडवायला उतरले. कळशी काढायला उतरायचे तसे. खाली बघतात तर खडकांचं गोल कडं, बांधून काढल्यासारखं. आत एका बाजूनं पायऱ्या पायऱ्यांचे कंगोरे. त्या पायऱ्यांवर जांभळी पोवळी लोंबत होती, आणि मधल्या पाण्यात पिवळ्या माशांचा थवा जागच्या जागी उभा.

"वहिनी, आमची विहीर," ते मला म्हणाले. डोळे भरून आले होते त्यांचे. मीठ गेलं असेल, असं हे म्हणाले. यांना तेवढंच सुचतं.

त्या क्लबाची एक रीत होती. नव्या जागेचा नकाशा जो पहिल्यांदा काढून क्लबाच्या भिंतीवर लावेल, त्यानं तिला नाव द्यायचं. मग ते नाव मोठ्या लाकडी फळ्यावर चढायचं, बोट त्याच नावानं सुटायची, पत्रकांतही तेच छापलं जायचं. सदाभाऊंनी मनात नाव ठरवलं आणि फक्त आमच्या कानावर घातलं. हुपरी. ते गावही होतं आणि आडनावही. अरबी समुद्रात, अरबांच्या देशात एका जागेला हुपरी म्हणतील. गोरे म्हणतील, जपानी म्हणतील, याकूब म्हणेल. आपण गेल्यावरही म्हणत राहतील. त्या माणसाला आयुष्यात हवी असलेली एवढी एकच गोष्ट मी पाहिली.

पुढचे कित्येक शुक्रवार दोघांनी जागा मोजली. ओकुमुरा खोली मोजायचे, फोटो काढायचे. सदाभाऊ प्लॅस्टिकच्या पाटीवर पाण्याखाली पेन्सिलीनं टिपून घ्यायचे आणि घरी येऊन ट्रेसिंग पेपरवर चढवायचे. गणपतीच्या सुमारास नकाशा पुरा झाला. काय सुरेख काम होतं! प्रत्येक पायरी, प्रत्येक कपार. मी म्हटलं, "चला, येत्या शुक्रवारी लावून टाका."

"एवढ्यात नाही," सदाभाऊ म्हणाले. "पितृपक्ष लागतोय."

त्यांचे वडील आदल्या वर्षी गेले होते. हुपरीहून आईचा फोन आला होता: पहिलाच पक्ष आहे, सर्वपित्री होईपर्यंत नवं काही करू नकोस. अनुपमानं री ओढली. आणि या माणसालाही ते पटलं होतं. "सीमोल्लंघनाला करू वहिनी. दसऱ्याला. चांगला दिवस आहे."

"अहो, त्या दगडाला काय कळतंय पक्ष आणि दसरा?" मी म्हटलं. "आज लावा. पूजा दसऱ्याला करा."

"नाव ठेवायचंय ना त्याचं," ते हसून म्हणाले. "मग बारसं नीट नको करायला? तुम्ही आत्या. घुगऱ्या करा, कानात कुर्रर्र करा." मग म्हणाले, "आणि बारशाआधी नाव कुठे बोलू नका हं. आमच्याकडे चालत नाही."

आपल्याकडे तसंच असतं, हे मलाही ठाऊक आहे. पाळण्यातल्या पोराचं नाव घरात सगळ्यांना माहीत असतं, पण बारशापर्यंत कुणी उच्चारत नाही. बाहेरच्यानं विचारलं तर 'अजून ठरलं नाही' म्हणायचं. ते खोटं धरत नाहीत. पण हे जपान्याला कोण सांगणार?

ओकुमुरांनी विचारलं. एकदा नाही, दोनदा विचारलं. पहिल्यांदा आमच्याच घरी, मोदक खाताना. खोलीचे आकडे पडताळून बघायला म्हणून सदाभाऊंनी त्यांना नकाशाची एक प्रत दिली होती. नावाची जागा त्यात कोरी होती. ओकुमुरांनी त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "सादा-सान, नेम?"

"नो नेम," सदाभाऊ म्हणाले आणि माझ्याकडे बघून मिस्कील हसले.

दुसऱ्यांदा फोनवर, ऐन पक्षात. ओकुमुरांची अचानक बदली झाली होती, आठवड्याभरात टोकियोला परत. निरोपाचा फोन. मी तेव्हा अनुपमाकडे भाजी निवडत बसले होते, सगळं कानांनी ऐकलं. "स्टिल नो नेम?" असं काहीतरी ओकुमुरांनी विचारलं असणार, कारण सदाभाऊ म्हणाले, "येस, येस. स्टिल नो नेम." मी हातातली भाजी टाकून खुणा करत होते की सांगा, आता तरी सांगा, माणूस चाललाय. त्यांनी मला हातानंच गप्प केलं.

दसऱ्याच्या आठवड्यातल्या शुक्रवारी आम्ही निघालो. अनुपमानं डबाभर घुगऱ्या केल्या होत्या. मुंबईहून आलेल्या कुणीतरी आपट्याची पानं आणली होती, त्यातली चार मी पर्समध्ये टाकली. त्यांची मुलगी ऋता नववीत होती. मागच्या सीटवर कानांत वॉकमन घालून बसली होती. सदाभाऊंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. नकाशा नळीत गुंडाळून मांडीवर. नावाच्या जागी आता शाईनं सुबक अक्षरांत लिहिलं होतं, आणि मसाफीला चहा पिताना त्यांनी ते मला एकटीला उलगडून दाखवलं.

क्लबात शिरलो तर समोरच्या भिंतीवर विहीर.

तोच नकाशा, फ्रेममध्ये. भोवती ओकुमुरांनी काढलेले फोटो, जांभळी पोवळी, पिवळा थवा. वर मोठ्या अक्षरांत 'लिटल इझू'. फळ्यावरसुद्धा शेवटच्या ओळीत ताज्या रंगानं 'लिटल इझू'. क्लबचा सेक्रेटरी, एक इंग्रज, लगबगीनं पुढे आला. ओकुमुरांनी जाताना ही भेट दिली म्हणाला. किती भावुक झाले होते ते! म्हणाले, या जागेला कुणीच नाव दिलं नाही, ती अनाथ राहायला नको, मला इथे माझं घर दिसलं. "आणि सादा, तुझे खूप आभार मानत होते."

नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात त्यांनी प्रामाणिकपणे सगळं होतं तसं ठेवलं होतं. चिमुकला चौकोन. 'ड्रॉन बाय : एस. एच.' सदाभाऊंनी ऑफिसच्या सवयीनं तिथेही आद्याक्षरंच घातली होती.

चोरी झाली असती तर मला बरं वाटलं असतं. निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या. पण त्या बिचाऱ्या जपान्याची काय चूक? त्यालाही परक्या पाण्यात आपलंच गाव दिसलं. एकाच खड्ड्यात दोघांना आपापलं गाव दिसलं, फक्त एकानं ते तोंडानं सांगितलं आणि दुसरा मुहूर्त बघत बसला.

"सांगा त्यांना," मी सदाभाऊंच्या कानाशी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता सांगा." हेही म्हणाले, "सदा, बोल रे."

सदाभाऊंनी हातातली नळी काखेत मारली. मग सेक्रेटरीला म्हणाले, "व्हेरी नाइस. गुड नेम."

मला तेव्हा त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली, हे आज स्पष्ट सांगते. शेवटी मीच पुढे झाले. मास्तरिणीच्या आवाजात त्या इंग्रजाला सगळं सांगितलं: जागा सापडली कुणाला, नकाशा काढला कुणी, नाव काय ठरलं होतं. त्यानं ऐकून घेतलं. चेहराही पडला त्याचा. पण म्हणाला, पत्रकं छापायला गेली आहेत, जपानी पर्यटकांचा एक ग्रुप या नावामुळेच यायचा म्हणतोय. "आणि मॅडम, त्यालाच आवडलंय ना नाव? शेवटी ते एक नावच आहे."

ऋतानं कानातला वॉकमन काढला. "बाबा, चिल. इट्स जस्ट अ रॉक."

परतीच्या वाटेवर मसाफीला कुणी चहा प्यायलं नाही. घुगऱ्यांचा डबा तसाच परत आला, आणि आपट्याची पानं माझ्या पर्समध्ये चुरा होऊन गेली. अनुपमा मुकाट रडत होती. तिला वाटत होतं, सासूबाईंचा फोन आपण त्यांना द्यायलाच नको होता. मी म्हटलं, फोनचं काय घेऊन बसलीस, पक्ष संपल्यावर नवरात्र होतं की. पहिल्या माळेलाही लावता आला असता नकाशा. पण नाही, दसराच हवा होता साहेबांना.

त्यानंतरही ते डायव्हिंगला जात राहिले, हे मला जास्त लागायचं. दर शुक्रवारी याकूब किनाऱ्यावरून ओरडायचा, "चलो साब, यल्ला, लिटल इझू!" आणि सदाभाऊ मान डोलावून बोटीत चढायचे. जपानी पाहुणे आले तर क्लब सदाभाऊंनाच सोबत धाडायचा, कारण त्या जागेची कपार न् कपार त्यांना पाठ. वर आलेले पाहुणे टाळ्या वाजवत म्हणायचे, अगदी इझूसारखं! सदाभाऊंना ते फोटोत मध्ये उभं करायचे. घरी ढीगभर फोटो होते तसले. सगळ्यात हा माणूस हसतोय.

नकाशाची ती दुसरी प्रत, नाव लिहिलेली, पुन्हा कधी कुणाला दिसली नाही. मी एकदा अनुपमाला विचारलं. ती म्हणाली, "मला विचारू नकोस."

मग दुबईत सगळी ड्रॉइंग्ज कॉम्प्युटरवर निघायला लागली. दोन हजार दोनच्या अखेरीस कंपनीनं ड्रॉइंगचं खातंच बंद केलं. आमच्या यांची नोकरी राहिली, सदाभाऊंचा व्हिसा रद्द झाला. इतक्या वर्षांचा संसार खोक्यांत गेला. त्यांच्या फ्लॅटला नवा भाडेकरूही ठरला. तो रंगाचे नमुने घेऊन खोल्या बघून गेला, आणि सदाभाऊंनी त्याला चहा दिला.

निघायच्या आधीच्या शुक्रवारी अनुपमा माझ्याकडे आली. तिच्या हातात डबा होता. "मी आज बोटीत बसणार आहे," ती म्हणाली. "तू पण चल." इतक्या वर्षांत ती एकदाही पाण्यात गेली नव्हती. मला बोट लागते, पण गेले. डब्यात काय आहे ते मी विचारलं नाही. मोड आलेल्या हरभऱ्याचा वास येत होता.

फेब्रुवारीतलं पाणी, निवळलेलं. नांगर टाकल्यावर वाकून पाहिलं तर खाली खोल कुठेतरी एक काळसर गोल दिसत होता. मी पाहिलेली विहीर ती एवढीच. सदाभाऊ आमच्याकडे बघून म्हणाले, "आज करतो." क्लबचा एक डायव्हर सोबतीला होता. दोघं उलटे होऊन पाण्यात पडले. अनुपमानं डबा उघडला आणि मूठमूठ घुगऱ्या पाण्यात सोडल्या. याकूबनं ते पाहिलं आणि डोक्यावरची टोपी नीट केली. मी कठड्याला धरून इतक्या वर्षांनी आत्या झाले. कुर्रर्र केलं. पाण्याला कान कुठे असतो कोण जाणे.

बुडबुडे बराच वेळ येत राहिले. मग सदाभाऊ वर आले, शिडीला धरून थांबले. ओठांच्या कडेला नळीचे वळ उमटले होते.

"घेतलंत नाव?" मी विचारलं.

ते श्वास घेत होते. "तोंडात नळी असते हो वहिनी," ते म्हणाले. "खाली बोलता येत नाही. माझ्या लक्षातच नव्हतं."

अनुपमानं रिकामा डबा मांडीवर घट्ट धरला. मी ओरडलेच, "मग इथे घ्या! वर घ्या! आम्ही आहोत ना ऐकायला! आता कसला पक्ष आहे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग अनुपमाकडे. तोंड उघडलं. आणि त्याच वेळी याकूबनं नांगर वर ओढत, रेडिओचं बटण दाबून क्लबला कळवलं, "लिटल इझू खलास. वापस आ रहे हैं."

सदाभाऊंनी तोंड मिटलं आणि टॉवेल मागितला.